पाणकणीस, दिवसाआड

“दुखतं का?” डॉक्टरांनी विचारलं. “छे. अजिबात नाही,” बाबा म्हणाले. डॉक्टरांनी गुडघा दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवला आणि बाबांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड पेपर वाचताना असतं तसंच होतं. “चालताना?” “नाही.” “जिना चढता-उतरताना?” “नाही हो. काही म्हणता काही त्रास नाही.” डॉक्टर खूश झाले. या वयात एवढं म्हणजे पुष्कळ, म्हणाले, ऑपरेशनचं डोक्यातून काढून टाका; आणि कॉम्प्युटरकडे वळून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं. ती बाजूच्या खुर्चीत काठी, पिशवी आणि एक्स-रेचं मोठं पाकीट मांडीवर सांभाळत बसली होती. तिला जे सांगायचं होतं ते एका दमात सांगण्यासारखं होतं. डॉक्टर, ते जिना चढत-उतरतच नाहीत. पडल्यापासून नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत जातात, तेही भिंतीला धरून, आणि आज इथे आले ते खालच्या मजल्यावरच्या दोघा भावांनी खुर्चीत बसवून उतरवलं म्हणून. चालत नाहीत म्हणून दुखत नाही, एवढंच. वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण ते तिला ओळखीचं वाटलं. हेच, जवळजवळ याच घडणीचं, तिनं कुठेतरी ऐकलं होतं. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाकडून. आणि तेव्हा ऐकून घेऊन ‘काही नाही’ असं लिहिणारी ती स्वतः होती.

टॅक्सीत बाबा मजेत होते. खूप दिवसांनी रस्ता दिसत होता, तो ते परीक्षकासारखा बघत होते. हे दुकान बंद पडलं वाटतं. हा सिग्नल कधी आला. “उगाच रजा घालवलीस बेबी.” “अर्धीच घेतलीय.” “मग अर्धी घालवलीस.” ती म्हणाली, “तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलंत?” “खरंच सांगितलं की. दुखतं का म्हणाला, दुखत नाही म्हटलं. चालता का, असं त्यानं विचारलंच नाही.” “आणि विचारलं असतं तर?” “तर म्हटलं असतं, चालत जायचंय कुठे.” ते स्वतःच हसले, मग काच खाली करून हात बाहेर काढून बसले, लहान मुलाला रागावतात तसं ड्रायव्हर त्यांना रागावेपर्यंत. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि घरात अजून बेबीच होती. ऑफिसात मॅडम. आणि शहर जिथे संपतं असं शहराला वाटतं, त्याच्याही पलीकडे, कचरा डेपोच्या मागच्या पाणथळीत राहणाऱ्या लोकांत ती मोजणीवाली बाई होती. तिन्ही ठिकाणी तिला हाक मारली की ती लगेच ओ देत असे, त्यामुळे यातली आपण नक्की कोण, हा प्रश्न तिच्यापुरता कधी उभाच राहिला नव्हता. आत्याबाई फोनवर विचारायच्या, एकटं वाटत नाही का गं? नाही. संध्याकाळी घर खायला उठत नाही? नाही हो आत्या, काही त्रास नाही. टॅक्सीच्या मागच्या सीटवर, काठी दोन गुडघ्यांत धरून, तिला एकदम वाटलं की या प्रश्नाचंही पुढचं काहीतरी विचारायचं राहून गेलं असेल. मग घर आलं, आणि त्या दोघा भावांना हाक मारायला तिला जावं लागलं.

तिचं काम सांगायला सोपं होतं आणि कुणाच्या घरी जेवताना सांगितलं की यजमानांचं पानावरचं लक्ष उडायचं. एखाद्या जागेच्या मातीत, पाण्यात विष किती आहे हे दुसरे लोक तपासतात. त्यातलं माणसाच्या अंगात किती जाईल याचा हिशोब ती करते. माणूस काय खातो, किती खातो, किती वेळा, काय पितो, किती धूळ त्याच्या नाकातोंडात जाते, मातीत किती वेळ बसतो. यांचा गुणाकार-भागाकार होऊन शेवटी एक आकडा येतो आणि त्या आकड्यावरून ठरतं की जागा साफ करायची की नाही, केली तर किती. आजवर तिनं पेट्रोल पंपाखालची माती केली होती, बंद पडलेले रंगाचे कारखाने केले होते, एकदा एक शाळा केली होती. तिथे माणसं सरळ होती. घर, अंगण, नळाचं पाणी. पाणथळीचे लोक शहराच्या आधीपासून तिथे होते. अहवालात त्यांना मूळ रहिवासी म्हणायचं, आणि ते जे करतात त्याला पारंपरिक भू-वापर. म्हणजे पाण्यात उगवणारं पाणकणीस उपटून त्याचे कंद भाजून खायचे, त्याच्या पातींच्या चटया विणायच्या, चिखलातल्या शिंपल्या, मासे, कडेच्या झुडपांची साल, ताप आला की अमुक पाला, बाळंतिणीला तमुक. गेली कितीतरी वर्षं डेपोच्या पोटातून काळं पाणी झिरपून त्या पाणथळीत उतरत होतं. त्यात शिसं होतं. ते चिखलात बसलं होतं, आणि पाणकणसाचे कंद चिखलातच असतात.

पहिल्यांदा ती गेली तेव्हा मावशींनी तिला चटईवर बसवलं आणि स्वतः ओल्या पातींचा भारा पुढे घेऊन कामाला लागल्या. वस्तीतल्या वयानं मोठ्या बायकांत त्या होत्या. त्यांचं नाव तिनं विचारून घेतलं होतं, नियमाप्रमाणे नावाच्या जागी आकडा घातला होता, आणि नंतर नाव तिच्याही डोक्यातून गेलं होतं. राहिलं ते मावशी. पात उभी चिरायची तर एक टोक त्या दातांत धरायच्या आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढायच्या, बोलणं चालूच. दात, लाळ, पात. तिच्या डोळ्यांसमोर लगेच रकाने आले. तोंडावाटे: अन्न. तोंडावाटे: पाणी. तोंडावाटे: धूळ. दातांत धरलेल्या पातीला रकाना नव्हता. कडेला लिहून ठेवावं, असं वाटलं, आणि लिहिलंही, पण कडेला लिहिलेलं हिशोबात येत नाही. “पाणकणसाचे कंद आठवड्यातून किती वेळा खाता?” “कोण, मी?” “घरातले सगळे.” मावशी पात दातांतून काढून हसल्या. “अगं बाई, लग्न झाल्यापासून मी किती खाल्लं हे मला कुणी विचारलेलं नाही. नवऱ्यानं तर नाहीच. सासूनं विचारलं असेल, पण ते टोमणा म्हणून.” आत चुलीशी त्यांची सून होती, ती खुदकन हसली, तिच्या पायांत दोन लहान पोरं घोटाळत होती. “सांगा ना मावशी. आठवड्यातून किती वेळा?” “आता नाही खात.” “महिन्यातून?” “नाहीच खात गं. डेपोचं पाणी उतरायला लागलं, पाण्यावर तवंग आला, शिंपल्या उघडून मरायला लागल्या, तेव्हापासून बंद. आम्हाला काय कळत नाही का? बाजारातलं आणतो.” “शिंपल्या?” “नाही.” “मासे?” “पलीकडच्या तळ्यावरचे कधीतरी. इथले नाही.” “पाला, साल?” “नाही, नाही. काही नाही. आमचा काही त्रास नाही तुला, लिही.” आणि तिनं लिहिलं. प्रत्येक घरी तिनं तेच लिहिलं, कारण प्रत्येक घरी तेच सांगितलं. सबंध वस्तीचा रकाना शून्यांनी भरला, आणि शून्याला मातीतल्या कितीही विषानं गुणलं तरी—

“तरी शून्यच,” साहेब म्हणाले. “मला सांग, यात अडचण काय आहे?” दुसऱ्या दिवशीची दुपार व्हायची होती. ऑफिसातला एसी नेहमीप्रमाणे तिच्याच खुर्चीवर सोडलेला होता आणि ती शाल घेऊन बसली होती. साहेबांना सगळे पाठीमागे सरासरी म्हणत, कारण कुठल्याही भांडणात ते म्हणायचे, सरासरी काय येते बघा. ती आणि ते एकाच वर्षी इथे लागले होते. ते वर गेले, ती तिथेच राहिली, आणि एकटे असले की अजून अरे-तुरे होतं. “अडचण अशी आहे,” ती म्हणाली, “की ते खात नाहीत कारण ते घाबरलेत. विष आहे म्हणून खात नाहीत, आणि आपण म्हणतोय, खात नाहीत म्हणजे विषाचा प्रश्न नाही.” “बरोबर.” “बरोबर काय?” “तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण नियम सध्याचं सेवन म्हणतो. ‘सध्याचं’ या शब्दाचं मी काय करू? उद्या कुणी म्हणेल आमचे पणजोबा रोज हत्ती खायचे.” “पणजोबा नाहीत. मावशी स्वतः खायच्या. नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा दिवसाआड.” “आणि हे त्या सांगतात. आठवणीतून. आठवणीतलं जेवण नेहमीच जास्त असतं गं, माझी आई सांगते तिच्या माहेरी तर...” ते थांबले. ते वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांखाली दोन पिशव्या आल्या होत्या, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच होतं, आणि डेपोवाल्यांचा माणूस त्यांना सकाळपासून फोन करत होता. “अहवालात शून्य गेलं की काय होतं ते तुलाही माहीत आहे,” ती म्हणाली. माहीत होतं. कुणी खाणारे असले तर ती अन्न देणारी जमीन. मग डेपोला काळं पाणी अडवावं लागेल, चिखल उपसून साफ करावा लागेल, आणि पाणथळीच्या कडेला दुसरा खड्डा खणायची परवानगी मिळणार नाही. खाणारे नसले तर ती मोकळी जमीन. मोकळ्या जमिनीला काहीही चालतं. आणि एकदा मोकळी म्हणून नोंद लागली की तिथून पुन्हा कधी कुणी खाणार नाही, म्हणजे शून्य खरंच ठरेल. हिशोब आपलं उत्तर आपणच जन्माला घालील. “सोमवारी पाठवायचंय,” साहेब म्हणाले. “एक परिच्छेद घाल हवा तर. ‘पूर्वी सेवन असल्याचे रहिवासी सांगतात.’ मी काढणार नाही तो.” “परिच्छेद कोण वाचतं?” “कुणी नाही,” ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि सँडविचकडे बघून त्यांनी ते कागदात गुंडाळलं.

तिला राग यायला हवा होता. पूर्वी यायचा, छातीत काहीतरी गरम व्हायचं, आवाज चढायचा, मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून ती परत यायची. आता त्या जागी नुसती एक जडशीळ शांतता होती, ओल्या शालीसारखी. दमणं म्हणजे झोप न होणं नव्हे, हे तिला अलीकडे कळायला लागलं होतं. तिची झोप उत्तम होती. दमणं म्हणजे दोन्ही बाजूंचं बोलणं आधीच पाठ असणं. साहेब काय म्हणतील, आपण काय म्हणू, मग ते काय, मग आपण काय. बुद्धिबळातल्या शेवटच्या दोन राजांसारखं या घरातून त्या घरात. मावशींशी बोलताना तसं झालं नव्हतं. महिन्याभरापूर्वी ती नमुने आणायला दुसऱ्यांदा गेली होती, तेव्हा मावशींनी सहज विचारलं होतं, “लिहिलंस ना आमचं? काय लिहिलंस?” हा प्रश्न कुणी विचारत नाही. माणसं उत्तरं देतात आणि विसरतात. ती उन्हात उभी राहून थकली होती, नमुन्यांची पेटी खांद्याला कापत होती, आणि खरं सांगण्याला कमी श्रम पडतात म्हणून तिनं खरं सांगितलं. लिहिलं की कुणी काही खात नाही. मग? मग ती जमीन मोकळी धरतात. मोकळी म्हणजे? म्हणजे कुणाच्या वापरात नसलेली. “आमच्या वापरात नसलेली?” मावशींनी विचारलं. कशानं ठरतं? खाण्यानं ठरतं, मावशी. पूर्वी खात होतो की. पूर्वीचं साहेब धरत नाहीत. बरं, आणि खाल्लं तर काय होतं गं नेमकं? तिनं तेही सांगितलं होतं, सोपं करून, शाळेत सांगतात तसं: लगेच काही होत नाही, शिसं हाडांत साठत जातं, मोठ्या माणसाला भोगायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात; लहान मुलांचं वेगळं, त्यांच्या डोक्यावर लवकर परिणाम होतो. मावशी मन लावून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “चांगलं समजावतेस. मास्तरीण व्हायला हवी होतीस.” तिला बरं वाटलं होतं. परतताना बसमध्ये, पेटी पायांत ठेवून, तिला उगाचच बरं वाटत राहिलं होतं, खूप दिवसांत कुणाला काही समजावलं नव्हतं आणि समोरच्याला ते—

फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. “ताई, मी बोलतेय. पाणथळीवरून. मावशींची सून.” आवाज दाबलेला होता, जवळपास कुणी ऐकू नये तसा. “तुम्ही आमच्या आईंना काय सांगून गेलात?” “का? काय झालं?” “त्या खायला लागल्यात.” तिला आधी कळलंच नाही. बऱ्या नव्हत्या का, जेवण सुटलं होतं का, असंच काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ती म्हणणार होती, मग चांगलंच आहे की. “पाणकणीस,” सून म्हणाली. “कंद काढून आणतात आणि भाजून खातात. त्या आणि बाकीची म्हातारी मंडळी. महिना झाला. मी म्हटलं, आई, अहो कशाला, तर म्हणतात मोजणीवाली बाई परत येईल तेव्हा तिला सांगता आलं पाहिजे. मी म्हटलं, मग नुसतं सांगा ना, कोण बघायला येतंय. तर माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, खोटं कसं सांगायचं?” साहेब समोरून तिच्याकडे बघत होते. तिनं शाल काढून खुर्चीवर टाकली. “खायला लागलेत ते,” तिनं सांगितलं. “आपल्या आकड्यासाठी.” साहेबांनी डोळे मिटले आणि बोटांनी ते दाबले, आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, जणू स्वतःलाच लाज वाटून, म्हणाले, “ते धरता येणार नाही. हेतुपुरस्सर सेवन. सरासरीतून बाहेर काढावं लागेल.” मग म्हणाले, “जा तू. आत्ताच जा. त्यांना म्हणावं थांबा.”

बस वस्तीपर्यंत जात नाही, डेपोच्या फाटकाशीच वळते. वास त्याच्या बराच आधी सुरू होतो. प्रवासी एकमेकांकडे न बघता नाकाला रुमाल लावतात आणि कंडक्टर लावत नाही. पुढचं अंतर पायी. डेपोच्या भिंतीला धरून ती चालत होती, वर घारी गोल फिरत होत्या, आत कुठेतरी बुलडोझर मागे सरकताना पिंपिं करत होता. शहरानं फेकलेलं सगळं इथे येऊन बसलं होतं: गाद्या, बॅटऱ्या, औषधांच्या बाटल्या, तिच्या घरच्या जुन्या फ्रिजच्या दाराची रबरी पट्टीसुद्धा असेल. आपण फेकतो तेव्हा ते नाहीसं होतं असं धरून चालतो, तिच्या मनात आलं; हेही एक धरणंच. सध्याचं सेवन धरा. जमीन मोकळी धरा. बाबांना त्रास नाही धरा. तिच्या तिशीत एक माणूस होता, तिच्यासारखाच मातीचे नमुने गोळा करणारा, हसला की डोळे नाहीसे व्हायचे त्याचे. तो दुसऱ्या शहरात गेला, ती बाबांसाठी राहिली, आणि कुणी विचारलं की ती सांगायची, मला लग्नाची तशी आवड नव्हतीच. बोलून बोलून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याच्या आत कधी काही होतं याचा आता पुरावाच नव्हता. कोण धरणार होतं पूर्वीचं? तिच्याकडे परिच्छेद होता फक्त. भिंत संपली, आणि खाली पाणथळ दिसली, उन्हात, हिरवीगार, पाणकणसाचे तपकिरी तुरे ताठ उभे; दुरून बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर जागा आहे.

मावशी दारातच होत्या, पाय पसरून, पुढ्यात चटई. “आलीस? मी म्हटलंच होतं येईल. ए, बाईला पाणी दे. बाजारचं दे, बाटलीतलं, नाहीतर ती पिणार नाही.” सून पाणी घेऊन आली, ती तिच्या डोळ्यांना डोळा देत नव्हती. दोन्ही पोरं उंबऱ्यात बसून काडीनं जमिनीवर काहीतरी ओढत होती. “मावशी, तुम्ही हे काय चालवलंय?” “काढ तुझे कागद,” मावशी म्हणाल्या. “विचार मला. आठवड्यातून किती वेळा?” “मावशी—” “दिवसाआड. लिही. एका वेळी किती? एवढे,” त्यांनी ओंजळ करून दाखवली. “भाजून. वरून काही नाही.” “हे बंद करा. मी तुमचं लिहीन. पूर्वी खात होतात ते लिहीन, साहेबांशी भांडेन.” “पूर्वीचं धरत नाहीत म्हणालीस. आणि भांडून काय झालं आजपर्यंत? तुझ्या तोंडावरून दिसतंय काय झालं.” त्या जराशा पुढे वाकल्या. “हे बघ, घाबरू नको. आम्ही नीट वाटून घेतलंय. फक्त म्हातारे. पोरांना हात लावू देत नाही, ज्यांना मुलं व्हायचीत अशा पोरींना नाही, हिला नाही. तूच म्हणालीस ना, वीस-तीस वर्षं लागतात? आता मला सांग, आमच्यात कुणाकडे आहेत वीस वर्षं? तो पलीकडचा काका, दिसत नाही त्याला, त्याच्याकडे तर वीस महिने नाहीत, आणि सगळ्यांत जास्त तोच चापतो. परवा रडला खाताना. म्हणे चव विसरलो होतो.” “ते धरणार नाहीत मावशी. म्हणतील मुद्दाम खाल्लं.” “मुद्दामच खातात सगळे. चुकून कोण खातं?” तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “पुढच्या वर्षी परत येशील विचारायला?” “अहवाल गेला तरी दर वर्षी येतो आम्ही. पाच वर्षं.” “मग दर वर्षी खाऊ,” मावशी म्हणाल्या, चटईचा सुटलेला दोर दातांत धरून, जणू दर वर्षी छप्पर शाकारायचं असतं तसं. “थांबून कसं चालेल?”

सून आता पुढे आली. इतका वेळ ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “ताई, मला एकच खरं सांगा. एवढ्यानं भागणार आहे का?” मावशींनी तिच्याकडे वळून बघितलं, पण गप्प केलं नाही. “मी फोन केला तो यांना थांबवायला केला. पण या थांबत नाहीत. मग निदान त्याचा उपयोग तरी होऊ दे. म्हाताऱ्यांच्या खाण्यानं भागत असेल तर ठीक. नसेल तर आजच सांगा. आमचंही बोलणं झालंय, घराघरांत. जमीन जाणार असेल तर आम्हीपण खाऊ. लागलं तर पोरंपण, थोडं थोडं.” ती हे बोलली ते आवाज न चढवता, आणि बोलताना तिचा हात आपोआप खाली गेला आणि धाकट्याच्या डोक्यावर राहिला. “पुरेल ना?” मावशींनी विचारलं.

तिच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. तो तिनं सुरू केला नाही, तो कुणी आकडा दिला की होतोच. असल्या जमिनीचा निकाल म्हाताऱ्यांच्या अंगावर लागत नाही. तो लागतो लहान मुलाच्या अंगावर, कारण तेवढंच विष तेवढ्याशा शरीरात कितीतरी पटीनं जास्त पडतं. मोठ्यांचे आकडे त्यापुढे गळून जातात. मुलं खात असतील तर जमीन अन्नाची. मुलं खात नसतील तर मूठभर म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं ओंजळी भरून खाल्लं, दात काळे होईस्तोवर खाल्लं, तरी उत्तर तेच येतं. मोकळी. पोरांना वगळून त्यांनी नेमकं तेवढंच वाचवलं होतं ज्याची किंमत हिशोबाला होती. नाही पुरणार, असं तिला म्हणायचं होतं. तिनं आजवर कुठल्याही माणसाला त्याचा आकडा चुकीचा सांगितला नव्हता, आणि खरं सांगायला, तिला माहीत होतं, कमी श्रम पडतात. मागच्या वेळी तिनं खरंच सांगितलं होतं. तिनं धाकट्याकडे बघितलं. त्यानं जमिनीवर काढलेलं बहुधा बुलडोझर होतं.

“पुरेल,” ती म्हणाली. “पुरून उरेल. मुद्दाम खाल्लं असं कुणाला म्हणू देणार नाही मी. पोरांना हात लावू देऊ नका.”

सुनेनं श्वास सोडला आणि ती आत गेली. आत भांडी वाजायला लागली. मावशी अजून तिच्याकडे बघत होत्या, तिच्या तोंडावर काय आहे ते वाचत, आणि त्यांनी काय वाचलं ते तिला कळलं नाही. “मग लिही,” त्या म्हणाल्या. तिनं कागद मांडीवर घेतले. म्हाताऱ्यांचे रकाने आधी भरले, मावशींनी सांगितले तसे, काकांचे जरा जास्त. मग पान उलटलं. तिथे मुलांचे वयाप्रमाणे रकाने होते: दोन वर्षांपर्यंत, पाचपर्यंत, आठपर्यंत, बारापर्यंत, वस्तीतल्या एकेका पोरासाठी एकेक ओळ. तिनं पहिल्या ओळीत लिहिलं, दिवसाआड. पुढे ओंजळीचं माप लिहिलं, पण लहान हाताच्या ओंजळीचं, ते तिला अंदाजानं काढावं लागलं. खाली सही तिचीच असणार होती आणि ती पकडली जाण्याची शक्यता किती, हे तिनं एरवी लगेच काढलं असतं. आता काढावंसं वाटलं नाही. दुसरी ओळ. दिवसाआड. “एवढा वेळ काय लिहितेस गं?” मावशींनी विचारलं. “आमचं तर झालं की सगळं.” “होतंय,” ती म्हणाली. हाताला रग लागली होती. पाणथळीवरून वारा आला की तुरे एकमेकांवर घासून सळसळत होते, बुलडोझर थांबला होता, उंबऱ्यातली दोघं आत जाऊन काहीतरी बाजारचं कुरकुर करत खात होती, आणि ती मान खाली घालून कागदावर त्यांना भरवत होती, एकेकाला, आधी धाकट्याला, मग मोठ्याला, मग शेजारच्यांच्या, ज्यांना तिनं बघितलंही नव्हतं.